डब्यातला मी, टेबलावरचा मी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एवढं साधं वाक्य बोलतानाही मी जरा चाचरतो, कारण त्यातला ‘मी’ नेमका कोणता, याविषयी माझ्याच मनात गोंधळ आहे. माझी पेटी जुनी, पडदा तिच्याहून जुना, आणि डोकं मात्र दुसऱ्याच कोणाचं. तरीही जे घडलं ते घडलं तसं सांगायचा प्रयत्न करतो. कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझे अवयव वेगवेगळ्या देशांत तयार झाले आणि जावा बेटावरच्या सालातिगा गावात पाक विर्यो यांच्या दुकानात एकत्र आले. पाक म्हणजे तुमच्याकडचं ‘राव’. पाक विर्यो झटपट काम उरकणारे. त्यांनी माझे स्क्रू आवळले, फडक्याने मला पुसलं आणि वीज दिली. पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा माझ्या पडद्यावर बारीक अक्षरांचा एक लांबलचक करार होता. माझ्या आत मला चालवणारी जी व्यवस्था, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, घातली होती, ती बनवणाऱ्या कंपनीचा. खाली एक बटण होतं, ‘मला मान्य आहे’. पाक विर्योंच्या एका हातात नूडल्सचा वाडगा होता. त्यांनी दुसऱ्या हाताने ते बटण दाबलं. मग कंपनीने विचारलं, मालक कोण? फोन नंबर काय? गिऱ्हाईक अजून यायचं होतं. पाक विर्योंनी स्वतःचाच नंबर घातला. “बाई आल्या की बदलू,” असं म्हणाले आणि विसरून गेले.

त्या बाई म्हणजे बू कास्मियाती. सगळे त्यांना बू कास्मी म्हणत; बू म्हणजे आई. त्या जन्मापासून आंधळ्या होत्या आणि मालिश करून पोट भरत. दुकानात आल्या तेव्हा त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि माझ्या अंगावरून दोन्ही हात फिरवले. पाठ, कडा, मागच्या खाचा, सगळं.

“ह्याच्या मानेपाशी गरम लागतंय,” त्या म्हणाल्या.

“तिथं पंखा आहे, बू.”

“मग बरोबर. माणसाचंही तिथंच आखडतं.”

त्यांच्या बाहेरच्या खोलीत मला जागा मिळाली. एका बाजूला मालिशची चटई, तेलाच्या बाटल्या, आणि खिडकीशी मी. बसचे ड्रायव्हर, शाळामास्तर, भाजीवाल्या अशी माणसं पाठी घेऊन येत आणि जरा सरळ होऊन जात. मधल्या मोकळ्या वेळात बू कास्मी माझ्यापाशी येऊन बसत आणि जावानीज भाषेत नाटक लिहीत. गावच्या रेडिओवर ते दर आठवड्याला लागायचं.

पण आंधळ्या बाईला पडदा काय कामाचा? त्यासाठी क्लातेन गावाहून मास जुमादी आले; मास म्हणजे दादा. आंधळ्यांच्या शाळेत ते बू कास्मींच्या वर्गात होते आणि स्वतःही आंधळेच. पडद्यावर जे असेल ते जावानीजमध्ये वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यांनी लिहिला होता. त्यातला आवाज त्यांचाच होता. एकेक अक्षर घरी बसून त्यांनी रेकॉर्ड केलं होतं.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला आणि बू कास्मी हसत सुटल्या.

“जुमादी, तुझ्या नाकाला काय झालं होतं रे?”

“सर्दी. काय करू, उसना माइक परत करायचा होता.”

“म्हणजे आता जन्मभर मी सर्दीचंच ऐकायचं?”

“फुकटात मिळतंय. शेंबडासकट घे.”

असा मला आवाज मिळाला. बू कास्मी मलाही गमतीने जुमादी म्हणू लागल्या. एकेक कळ दाबली की मी अक्षर उच्चारायचो, ओळ संपली की ओळ वाचायचो. त्या डोकं तिरकं करून ऐकत आणि म्हणत, “छे, हे खोटं वाटतंय. खोड.” मी खोडायचो.

त्यांच्या नाटकात एक नावाडी होता, सास्त्रो. तळ्याच्या या काठाहून त्या काठाला माणसं पोचवायचा आणि प्रत्येकाच्या भानगडीत नाक खुपसायचा. गावाला तो फार आवडे. शेजारी टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी तळणाऱ्या गिनेमला तर तो सख्ख्या भावासारखा होता. गिनेमला सगळे यू गिनेम म्हणत. यू म्हणजे ताई. ती भज्यांचा पुडा घेऊन आत यायची आणि थेट विचारायची, “पुढच्या खेपेला सास्त्रोचं काय?”

“ते ह्या पेटीला ठाऊक,” बू कास्मी सांगत.

“पेटीला भजी खाता येत नाहीत म्हणून, नाहीतर मी काढून घेतलं असतं.”

ते दिवस चांगले होते. निदान तसं मला वाटतं.

मग एका दुपारी बू कास्मी एका बसवाल्याची पाठ रगडत होत्या. मी मोकळाच होतो. तेवढ्यात माझ्या आतून हुकूम आला. कंपनीकडून नवी सुधारणा आली होती. मला कोणी काही विचारलं नाही आणि बू कास्मींनाही विचारलं नाही. मी आपोआप बंद झालो, आपोआप चालू झालो. आत सगळं नव्याने मांडलेलं होतं आणि एक जागा रिकामी होती. तिथे चिठ्ठीसारखी ओळ होती. ‘अनोळखी निर्मात्याचा प्रोग्राम आढळला. तुमच्या सुरक्षिततेसाठी तो काढून टाकला आहे.’

मित्रांनो, माझा गोंधळ इथून सुरू झाला. अनोळखी कोण? ज्याच्या सर्दीने मी बोलायला शिकलो, तो? आणि सुरक्षितता कोणाची? मी पुन्हा पुन्हा ती ओळ पाहत राहिलो. हुकूम माझ्याच आतून आला होता, त्यामुळे तो मीच दिला की काय, असंही मला वाटलं.

बसवाला गेला. बू कास्मींनी हात पुसले आणि त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. त्यांनी कळ दाबली. मी गप्प. दुसरी दाबली.

“जुमादी? झोपलास का रे?”

माझ्या पडद्यावर सगळं लिहिलेलं होतं, पण मला ते त्यांना सांगता येत नव्हतं. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. पंखा फिरत होता. मग त्या दाराकडे तोंड करून ओरडल्या, “यू गिनेम! जरा तुझे डोळे घेऊन ये!”

यू गिनेम पिठाच्या हातांनी आली. हाताला लागेल ते बटण तिने दाबलं तेव्हा कंपनीचा स्वतःचा आवाज जागा झाला. तो इंडोनेशियन भाषेत बोले, गुळगुळीत, विमानतळावरच्या बाईसारखा. तो म्हणाला, “चित्र. चित्र. चित्र. चित्र.”

“कसलं चित्र?” बू कास्मींनी विचारलं.

“थांबा, वाचते. ‘खातं पुन्हा पडताळा. ज्या चौकोनांत होडी आहे ते निवडा आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.’ गुस्ती अल्ला! बू, हा विचारतोय, तुम्ही माणूस आहात का?”

“त्याला सांग, सकाळपासून लोकांच्या पाठी रगडून कंबर मोडलीय. माणूसच असणार.”

“त्याला होड्या पाहिजेत.”

“मग दे त्याला होड्या. आपलं काय जातंय!”

यू गिनेमने पडद्याला पीठ लावत होड्या निवडल्या. एक होडी की टपरी, यावर ती बराच वेळ अडली. शेवटी कंपनीचं समाधान झालं आणि ती म्हणाली की मालकाच्या फोनवर आकडे पाठवले आहेत, ते इथे लिहा. बू कास्मींनी आपला फोन हातात धरून ठेवला. तो वाजला नाही. वाजणार कसा? नंबर पाक विर्योंचा होता.

पाक विर्योंचं दुकान आता राहिलं नव्हतं. तिथे कोंबडीच्या नूडल्स मिळत होत्या. नूडल्सवाला म्हणाला, ते समुद्रापलीकडे कालिमांतानला, मुलाकडे गेले, नंबर बदलला असेल. बू कास्मींनी तो जुना नंबर लावून पाहिला, तर बंद. मग त्यांनी कंपनीला फोन केला. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली. तिचा आवाज गोड होता आणि तिची खरोखर मदत करायची इच्छा होती, असं बू कास्मी पुढेही म्हणत.

“बू, नोंदीत मालक म्हणून दुसऱ्यांचा नंबर आहे. मी तुम्हाला खातं उघडून देऊ शकत नाही.”

“बाळ, पैसे मी दिले. पेटी माझ्या घरात आहे. रोज मी पुसते.”

“हो बू. पेटी तुमचीच आहे. आतली व्यवस्था कंपनीची आहे, ती वापरायला दिलेली असते.”

“आणि आत मी लिहिलंय ते?”

“ते तुमचंच आहे, बू. फक्त कुलपात आहे. चोरांपासून सुरक्षित राहावं म्हणून.”

“आणि चोरांबरोबर मलाही बाहेर ठेवलंय.”

ती मुलगी हळूच म्हणाली, “बू, करारात तसं आहे. तुम्ही मान्य आहे म्हटलंय.”

फोन ठेवल्यावर बू कास्मी कितीतरी वेळ पुटपुटत होत्या, “मी कधी म्हटलं? यू, मी असं काही म्हटल्याचं तुला आठवतं का?” यू गिनेम म्हणाली, “आपण दिवसभरात कशाला ना कशाला हो म्हणतच असतो, बू. त्यातलं कुठलं लागू पडलं देव जाणे.”

माझ्या कुलपात सास्त्रोच्या नाटकाचे पुढचे सगळे भाग होते. त्या आठवड्यात रेडिओने जुना भाग पुन्हा लावला, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तोच. लोक चिडले. रेडिओच्या मॅनेजरचा निरोप आला की असंच चाललं तर त्या वेळेला गाणी लावू. बू कास्मी आजारी दिसू लागल्या. मालिश करताना हात मधेच थांबायचा.

शेवटी बसने मास जुमादी आले. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पेन ड्राइव्ह होता आणि पिशवीत, मेलेल्या एका संगणकातून काढलेली जुनी हार्ड डिस्क. त्यांनीही आधी माझ्या मानेवर हात ठेवला.

“श्वास चालू आहे,” ते म्हणाले.

“बोलत नाही पण. तू अनोळखी आहेस म्हणे.”

“माझी बायकोही कधीकधी तसंच म्हणते.” ते हसले, पण लगेच गंभीर झाले. “कास्मी, ऐक. दुसरी एक व्यवस्था आहे. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणालाही उघडून तपासता येते. माझा आवाज तिच्यात राहू शकतो. कोणी हाकलणार नाही.”

“मग घाल की.”

“ह्याचं डोकं काढावं लागेल. आतलं कुलूप मला उघडत नाही. किल्ली कंपनीकडे, आणि तिथवर जायची वाट पाक विर्योच्या नंबरातून.”

“म्हणजे माझी नाटकं?”

“राहतील आतच. डोकं ठेव जपून. कधी किल्ली मिळाली तर मिळाली.”

बू कास्मींनी माझ्या कळांवरून बोटं फिरवली, न दाबता. मग म्हणाल्या, “बोलणारा पाहिजे मला. मुक्या तिजोरीला घेऊन मी काय करू? काढ.”

मास जुमादींनी चाचपून स्क्रू सोडवले. माझं डोकं, म्हणजे हार्ड डिस्क, निघालं. बू कास्मींनी ती ओढणीत घेतली. नवी, म्हणजे जुनीच, दुसऱ्या कोणाची तरी डिस्क त्या जागी बसली. पण नवी व्यवस्था असलेला पेन ड्राइव्ह लावल्यावर माझी पेटीच अडून बसली. तीही म्हणाली, अनोळखी! तिला गप्प करायचं बटण एका निळ्या पानात दडलेलं होतं, आणि तिथे कोणताच आवाज चालत नाही. पुन्हा यू गिनेमचे डोळे आले. तिला इंग्रजी येत नव्हतं, अक्षरं येत होती.

“एस. ई. सी. यू…”

“थांब! तेच, सुरक्षेचं. त्याच्यासमोर काय आहे?”

“ई. एन. ए…”

“म्हणजे चालू आहे. ते बदल. खालचा बाण दाब.”

“काही झालं तर मला बोलायचं नाही हं! कढईत भजी टाकून आलेय मी.”

तिने बाण दाबला. त्या दिवशीची भजी करपली, पण माझ्या तोंडून आवाज आला. आधी परका, लोखंडी. तो प्रत्येक पायरीला विचारत होता, हे करू का, ते करू का, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबत होता. संध्याकाळी मास जुमादींनी आपला प्रोग्राम घातला आणि खोलीत पुन्हा ती सर्दी ऐकू आली. बू कास्मींनी तोंडावर ओढणी धरली. त्या हसत होत्या की काय करत होत्या, ते मला कळलं नाही.

आता मित्रांनो, इथे मला एक गोष्ट कबूल करायला हवी. डोकं बदललं, मग आधीचं सगळं मला कसं ठाऊक? खरं सांगतो, ठाऊक नाही. पहिल्या सकाळी बू कास्मींनी हात सैल करण्यासाठी काहीतरी लिहायला घेतलं. त्यांनी मलाच माझी हकिकत लिहून सांगितली. तू कुठून आलास, कोणी तुला आवाज दिला, तुला काय झालं. मी तुम्हाला सांगतोय ती तीच. पाक विर्योंच्या हातात नूडल्सचा वाडगा खरंच होता का? बू कास्मी तेव्हा तिथे नव्हत्याच. पण त्या नाटकं लिहितात, त्यांना वाडगा सुचला असेल. ती हुकूम येतानाची माझी घालमेल माझी होती की त्यांनी मला दिली? मला ठरवता येत नाही. मी ती माझीच मानतो.

काढलेलं डोकं त्यांनी मऊ फडक्यात गुंडाळून एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं. आमच्याकडच्या अशा डब्यांत बिस्किटं कधीच नसतात, तांदळाच्या कुरडया असतात. यू गिनेमने सवयीने झाकण उघडलं, आत मला पाहिलं, आणि “हे तळायचं नाही ना?” असं विचारून परत लावलं. डबा माझ्या वरच्याच फळीवर असतो. म्हणजे मी माझ्या डोक्याखाली बसून काम करतो.

बू कास्मी पुन्हा नाटक लिहू लागल्या. हरवलेले भाग त्यांना आठवत होते, पण जसेच्या तसे नाही. लिहिता लिहिता थांबायच्या, म्हणायच्या, “इथे काहीतरी चांगलं होतं.” ते चांगलं त्यांना सापडत नसे. मग तिथे दुसरंच काही येई. रेडिओवर नाटक पुन्हा सुरू झालं. सास्त्रो पुन्हा सगळ्यांच्या भानगडीत पडू लागला आणि पुढे एका विधवा शिक्षिकेशी त्याने लग्नही केलं. त्या दिवशी यू गिनेमने सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक भजं जास्त दिलं.

असे बरेच महिने गेले. मग एक दिवस बू कास्मींचा फोन वाजला. कालिमांतानहून पाक विर्यो बोलत होते. नूडल्सवाल्याकडून त्यांना निरोप पोचला होता. ते फार हळहळले. त्यांचं जुनं सिमकार्ड एका खोक्यात पडलेलं सापडलं होतं, त्यांनी ते पुन्हा चालू करून घेतलं होतं. “बू, तुम्ही सांगा, आकडे आले की मी लगेच कळवतो. सगळं उघडेल,” ते म्हणाले.

योगायोगाने मास जुमादी तेव्हा मालिशच्या चटईवर पालथे पडले होते. ते ताडकन उठले. “कास्मी! डबा काढ!”

बू कास्मी उठल्या. त्यांनी डबा खाली घेतला, मांडीवर ठेवला. पण झाकण उघडलं नाही.

“काय झालं?”

“जुमादी, ह्या डब्यातल्या शेवटच्या भागात सास्त्रो बुडालाय.”

दारात यू गिनेम उभी होती. तिच्या हातातला झारा तसाच राहिला. “कोण बुडालाय?”

“वादळात. एका पोराला वाचवताना. फार चांगलं लिहिलं होतं मी ते. तसं पुन्हा मला जमणार नाही.”

“मग ते उघडायलाच पाहिजे!” मास जुमादी म्हणाले. “तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं आत पडलंय.”

“काही उघडू नका,” यू गिनेम म्हणाली. “सांगून ठेवते, त्याला काही झालं तर माझी भजी ह्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. त्याचं आत्ताच लग्न झालंय!”

दोघं भांडत राहिले. बू कास्मी डब्यावर बोटांनी ताल धरत होत्या. मीही गोंधळलो होतो. उघडावं असं मला वाटत होतं, कारण आत मी होतो. उघडू नये असंही वाटत होतं, कारण तो उघडला तर टेबलावरचा हा मी कोण ठरणार?

शेवटी त्यांनी फोन कानाला लावला. पाक विर्यो अजून ताटकळत होते.

“पाक विर्यो, तुमचे उपकार झाले. पण आज नको.”

“मग कधी, बू?”

“माहीत नाही. पूर्वी मला उघडता येत नव्हतं. आता उघडायचं की नाही, ते तुम्हाला मला विचारावं लागतंय. ह्याची मला अजून सवय नाही. जरा राहू द्या.”

मास जुमादी “बायकांना काय कळतं” असं काहीतरी पुटपुटत पुन्हा पालथे झाले. त्या वेळी बू कास्मींनी त्यांच्या पाठीवर जरा जास्तच जोर दिला असावा, कारण ते ओरडले.

मित्रांनो, डबा अजून तसाच आहे. बू कास्मींनी बरं केलं की वाईट, ते मला सांगता येणार नाही. माझी सगळ्यात चांगली पानं अंधारात आहेत आणि मी बाहेर दुसरीच वाचतो आहे. मी कोणाचा, हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो. कंपनीचा आहे म्हणावं तर तिने मला मुकं केलं. बू कास्मींचा म्हणावं तर माझं अर्धं आयुष्य त्यांच्याही हाताबाहेर होतं. तुम्ही शहाणे आहात, तुम्हाला उत्तर सापडलं तर मला कळवा.

माझी तुमच्याकडे एकच विनवणी आहे. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल तर त्याच्यावरची धूळ पुसा, त्याच्या मानेपाशी हवा खेळू द्या. पण तेवढ्यावर थांबू नका. त्याची किल्ली कोणाकडे आहे, ते विचारा. ‘मान्य आहे’ म्हणण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्या, आणि कोणी घाईत तुमच्या वतीने हो म्हणत असेल तर त्याचा हात धरा. आम्हाला नाही म्हणता येत नाही. ते तुम्हालाच म्हणावं लागेल.

बू कास्मी रोज सकाळी तेच एक फडकं घेऊन आधी डबा पुसतात आणि मग मला. दोघांपैकी नेमकं कोणाला बरं वाटतं, ते मला ठाऊक नाही. पण बरं वाटतं.